दहा तासांचा दिवस: लोवेलच्या गिरणीतल्या मुली, १८४५ चा अर्ज आणि कायद्यातल्या पळवाटा (१ मेच्या भाषणासाठी मदत हवी)

सिडको_वाचकगट

नमस्कार मंडळी. १ मेला आमच्या वाचकगटात, इथे नाशिकला, चाळीस मिनिटांचं भाषण आहे. सोबत आठ-दहा फलकांचं छोटं प्रदर्शनही आहे. ऐकायला येणारे बरेचसे सातपूर-अंबडच्या कारखान्यांत नोकरी करणारे किंवा तिथून निवृत्त झालेले. पाळी, ओव्हरटाइम, पीस रेट (नगावर मजुरी) या गोष्टी त्यांना माझ्यापेक्षा चांगल्या कळतात. त्यामुळे ढोबळ बोलले तर पहिल्या पाच मिनिटांत पकडतील.

शिकागो १८८६ दरवर्षीच होतं. यंदा त्याच्या पन्नासेक वर्षं आधीचा, अमेरिकेतल्या सुरुवातीच्या गिरण्यांचा काळ घ्यायचा आहे. लोवेलच्या कापड गिरण्यांतल्या मुली आणि त्यांची दहा तासांची मागणी हा मुख्य धागा. वाचायला घेतलं आणि अडकले.

एक, दहा तासांचा कायदा नेमका कधी झाला? कुठे १८४७, कुठे १८५३, कुठे १८७४ सापडतं.

दोन, काम दिवसाला किती तास होतं? बारा, तेरा, चौदा असे तिन्ही आकडे दिसतात.

तीन, जे मिळालं ते संपामुळे मिळालं की अर्ज-विनंत्यांमुळे?

चार, त्याच काळात गुलामगिरीविरोध, दारूबंदी, स्त्रियांचे हक्क अशा चळवळी चालल्या होत्या. त्या जोडायच्या की सोडून द्यायच्या?

जाणकारांनी जरा तपशिलात सांगावं.

---

जुना_गॅझेटियर

ताई, तिन्ही सालं बरोबर आहेत. ती तीन वेगवेगळ्या गोष्टींची आहेत, एवढंच.

१८४७ न्यू हॅम्पशायरचं. दहा तास हा कायदेशीर कामाचा दिवस ठरवणारं ते पहिलं राज्य. पण कायद्यात मेख होती: कामगाराने मालकाशी वेगळा करार केला असेल तर दहा तासांची मर्यादा लागू नाही. कायदा अमलात यायच्या आतच कंपन्यांनी करारांचे कागद समोर ठेवले. सही केली तर काम, नाही केली तर बाहेर. बाहेर पडलेल्यांना आजूबाजूच्या गिरण्यांनीही दार दाखवलं. पुढच्या वर्षी पेनसिल्व्हेनियाने असाच कायदा केला आणि तिथेही तेच झालं. पिट्सबर्गच्या नदीपलीकडच्या ॲलेगेनी शहरात तर १८४८ च्या उन्हाळ्यात संपावरच्या बायकांनी गिरणीचं फाटक फोडलं.

१८५३ मॅसॅच्युसेट्सचं, म्हणजे लोवेल ज्या राज्यात आहे तिथलं. त्या वर्षी कायदा झालाच नाही. मोठ्या गिरण्यांनी आपणहून दिवस अकरा तासांवर आणला. ‘आपणहून’ हा शब्द जपून वापरा. दहा तासांचं विधेयक विधिमंडळात वर्षानुवर्षं डोकं वर काढत होतं. एक तास सोडला की दुसरा वाचेल, असा तो हिशेब होता, आणि तो पुढची वीस वर्षं बरोबर निघाला.

१८७४ ला मॅसॅच्युसेट्सचा खरा कायदा आला: स्त्रिया आणि १८ वर्षांखालची मुलं यांना दिवसाला १० तास, आठवड्याला ६०. तोही पाच वर्षं लंगडाच होता, कारण मालकाने ‘जाणूनबुजून’ नियम मोडला हे सिद्ध झालं तरच शिक्षा. कोर्टात हे सिद्ध करणार कोण? १८७९ मध्ये तो शब्द काढला आणि मग कायद्याला दात आले. तुमच्या भाषणाचा शेवट खरं तर १८७९ आहे, १८७४ नाही.

या तिन्हींच्या आधीच्या दोन तारखाही ठेवा. १८३५ मध्ये फिलाडेल्फियात कोळसा उतरवणारे हमाल, सुतार, चांभार असे एकापाठोपाठ एक धंद्यांतले लोक संपावर गेले. मागणी एका ओळीची होती: सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, मधे न्याहारीला एक तास आणि जेवणाला एक तास. ती मान्य झाली. मग ३१ मार्च १८४० ला राष्ट्राध्यक्ष व्हॅन ब्युरेन यांनी केंद्र सरकारच्या बांधकामांवर दहा तासांचा आदेश काढला, तोही मजुरी न कापता. म्हणजे कसबी पुरुष कारागिरांना जे १८३५-४० मध्ये मिळालं, त्याला गिरणीतल्या बायकांना आणखी चाळीस वर्षं लागली. कारण उघड आहे. सुतार हत्यारं उचलून दुसऱ्या ठेकेदाराकडे जाऊ शकतो. गिरणीतल्या मुलीचं काम, खोली, जेवण, गावातली पत, सगळं एकाच कंपनीच्या हातात.

आता तासांचं. हा गोंधळ सोडवायला सोपा आहे. १८४५ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळ समितीपुढे एलायझा हेमिंगवे या कामगार बाईंनी साक्ष दिली. उन्हाळ्यात सकाळी पाचला सुरुवात, संध्याकाळी सातला सुट्टी, मधे न्याहारीला अर्धा तास आणि जेवणाला पाऊण तास. पाच ते सात झाले चौदा तास. त्यातून सव्वा तास वजा करा, उरले पावणेतेरा. समितीच्या तक्त्यातही मे ते ऑगस्ट १२ तास ४५ मिनिटं हाच आकडा आहे. म्हणजे कामगारांच्या अर्जातले ‘तेरा-चौदा तास’ हे घंटेपासून घंटेपर्यंतचे आणि कंपनीचा आकडा निव्वळ यंत्रापुढचा. दोघंही खरं बोलत होते. पण त्या अर्ध्या तासात गिरणीतून बोर्डिंगपर्यंत (मुलींच्या राहण्या-जेवणाच्या घरापर्यंत) चालत जाणं, खाणं आणि परत येणं बसवायचं असे, हे त्या तक्त्यात दिसत नाही.

वर्षभराची सरासरी १२ तास १० मिनिटं, म्हणजे सहा दिवसांचे ७३ तास. डिसेंबर-जानेवारीत सगळ्यात कमी, ११ तास २४ मिनिटं. सगळ्यात जास्त एप्रिलमध्ये, १३ तास ३१ मिनिटं. साधारण २० सप्टेंबर ते २० मार्च दिवे लावून काम चाले. हेमिंगवेबाई गिरणीतल्या ज्या खोलीत काम करत तिथे २९३ लहान आणि ६१ मोठे दिवे होते. १३० बायका, ११ पुरुष, १२ मुलं आणि साडेतीनशे तेलाच्या ज्योती, खिडक्या बंद. हवेबद्दलची तक्रार वेगळी समजवावी लागणार नाही.

संप की अर्ज? लोवेलचे दोन गाजलेले संप तासांसाठी नव्हतेच. फेब्रुवारी १८३४ चा संप मजुरीत १५ टक्के कपातीविरुद्ध. सुमारे ८०० जणी बाहेर पडल्या आणि थोड्याच दिवसांत मोडला. ऑक्टोबर १८३६ चा बोर्डिंगचे दर वाढवले म्हणून, दीड हजारांवर बायका. तो बराच टिकला आणि काही ठिकाणी वाढ मागे घ्यावी लागली. पुढच्याच वर्षी १८३७ ची मंदी आली. बेकारी एवढी वाढली की जवळपास सगळ्या संघटना कोलमडल्या.

तासांची लढाई अर्जाची. १८४४ च्या अखेरीस सारा बॅगली आणि सोबतिणींनी लोवेलमध्ये स्त्री कामगार सुधारणा संघटना काढली. मतदानाचा हक्क नव्हता, पण विधिमंडळाला अर्ज करायचा हक्क होता, तोच धरला. १८४५ चे अर्ज लोवेल, फॉल रिव्हर आणि अँडोव्हरहून गेले. एकूण २,१३९ सह्या, त्यांतल्या १,१५१ लोवेलच्या. समितीचे अध्यक्ष विल्यम स्कूलर. हे लोवेलचेच आमदार आणि गिरणीमालकांच्या बाजूच्या वर्तमानपत्राचे मालक. त्यांनी कळवलं की सह्या बहुतेक बायकांच्या आहेत, तेव्हा बाजू बायकांनीच येऊन मांडावी, नाहीतर अर्ज बाजूला ठेवावा लागेल. त्या काळी बाईने चारचौघांत उभं राहून बोलणं म्हणजे काय, हे पाहता त्या येणार नाहीत अशीच अटकळ असावी. त्या १३ फेब्रुवारीला आल्या आणि बोलल्या. नंतर समिती लोवेलला गिरण्या बघून आली. अंगणातली हिरवळ आणि खिडक्यांतली फुलझाडं पाहून खूश झाली आणि अहवालात लिहिलं की त्रास आहे खरा, पण उपाय विधिमंडळाच्या हातात नाही. कामगारांना आपला सौदा आपण करता येतो, आणि एकाच राज्याने तास कमी केले तर धंदा शेजारच्या राज्यात जाईल. हे दुसरं कारण तुमच्या श्रोत्यांना ओळखीचं वाटेल.

संघटनेने मग स्कूलरना पाडायचं जाहीर केलं. स्वतःला मत नसताना! त्या वर्षीच्या निवडणुकीत ते पडले, आणि लोवेलच्या मतदारांचे आभार मानणारा ठराव या बायकांनी केला. नुसत्या अर्जांनी काय झालं असं कोणी विचारलं तर एवढं सांगा.

---

मालेगाव_साचा

वरचं सगळं मान्य. पण फक्त तास मांडले तर कारखान्यातला माणूस विचारणार, “तास कमी केले आणि मशीन वाढवल्या तर?” लोवेलमध्ये तेच होत होतं, म्हणून मागांचा हिशेब एका फलकावर हवाच.

गिरणी पाण्यावर चालायची. मेरिमॅक नदीला पॉटकेट धबधब्यापाशी सुमारे ३२ फुटांचा उतार आहे. तिथून कालव्याने पाणी आणून चाक फिरवायचं, चाकावरून शाफ्ट आणि शाफ्टवरून चामड्याचे पट्टे प्रत्येक यंत्राला. यातली गोम अशी की मजल्यावरच्या सगळ्या मागांचा वेग शाफ्ट ठरवतो. एकीला दम लागला म्हणून तिचा माग हळू होत नाही. थांबवता येतो, पण थांबला की मजुरी थांबली, कारण मजुरी मालावर.

माग थांबतो कशाने? ताण्याचा (उभा) धागा तुटला किंवा आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातली सुताची कांडी संपली. कांडी काही मिनिटांतच संपते. ती बदलताना नव्या सुताचं टोक धोट्याच्या भोकातून ओठांनी ओढून घ्यायची पद्धत होती, त्यामुळे कापसाचं तूस थेट छातीत. हवा कोरडी झाली की सुती धागा जास्त तुटतो, म्हणून खिडक्या बंद आणि खोलीत वाफ. मालेगावच्या मागवाल्याला हे शिकवायला नको.

सुरुवातीला एका बाईकडे दोन माग. १८४० च्या दशकात तीन झाले, मग चार. माग वाढवताना नगाचा दर खाली. हिशेब असा दाखवा (आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, लोवेलचे नाहीत):

तीन माग, प्रत्येकावर महिन्याला ३० नग, म्हणजे ९० नग. दर १०. मिळकत ९००.

चार माग केले. एकीकडे धागा जोडेपर्यंत दुसरा माग थांबलेला असतो, म्हणून मागावर ३० ऐवजी २७ च नग, एकूण १०८. दर ९ केला. मिळकत ९७२.

कापड २० टक्के जास्त, मजुरी ८ टक्के जास्त, आणि नजर ठेवायची यंत्रं तीनाची चार. कंपनीचं पत्रक म्हणणार, “मजुरी वाढली.” खोटंही नाही! वर पर्यवेक्षकाला त्याच्या खोलीतल्या उत्पादनावर बक्षीस मिळे, त्यामुळे तो कोणाला दम खाऊ देत नसे.

१८४६ च्या मे महिन्यात मॅसॅच्युसेट्स कॉर्पोरेशन या लोवेलच्या गिरणीने चौथा माग आणि नगामागे एक सेंट कमी असं एकदम जाहीर केलं. विणकरणींनी संप नाही केला. प्रतिज्ञापत्र काढलं: त्या प्रमाणात मजुरी वाढल्याशिवाय चौथा माग घेणार नाही, आणि जी घेईल तिचं नाव बॅगलींच्या गटाच्या साप्ताहिकात छापलं जाईल. जवळजवळ सगळ्यांनी सही केली आणि कंपनीने माघार घेतली. माझ्या मते या लढ्याचं सगळ्यात शिकण्यासारखं पान हे आहे, २,१३९ सह्यांचा अर्ज नाही. बाहेर पडलं तर बोर्डिंगची खोली जाते. खोलीत राहून, तीन माग नीट चालवून, चौथ्याला हात न लावणाऱ्या सगळ्यांना काढायचं तर कंपनीला पूर्ण विणकाम खातं बंद ठेवावं लागतं. विणकाम थांबलं की खालच्या मजल्यावरचं सूत साठत जातं आणि मग कताईही थांबते.

संपात काय बिघडायचं तेही लिहा. कामावर घेताना वर्षभराची बोली, सोडताना दोन आठवड्यांची नोटीस आणि मग ‘सन्मानाने मुक्त’ असा दाखला. दाखला नसेल तर लोवेलमधली दुसरी कुठलीच गिरणी घेत नसे, कारण काढलेल्यांची नावं एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत जात. संपात पुढे असलेल्या मुलीला गावाची गाडी पकडण्यावाचून गत्यंतर नसे.

मुंबईत १९२८ च्या संपात दोनऐवजी तीन साचे (माग) चालवण्याचा वाद होता. तो एका ओळीत जोडला तर जुन्या मंडळींना लगेच कळेल.

---

मेरी_गंगापूररोड

दोन भरी.

संप करणं हाच गुन्हा ठरू शकत होता, हे राहिलं. १८०६ मध्ये फिलाडेल्फियाच्या बूट कारागिरांना मजुरी वाढवण्यासाठी एकत्र आले म्हणून कटाच्या आरोपाखाली दोषी ठरवलं, प्रत्येकी ८ डॉलर दंड. पुढची पस्तीसेक वर्षं ही तलवार टांगती होती. १८४२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती लेम्युएल शॉ यांनी, बॉस्टनच्या बूट कारागिरांच्याच खटल्यात, संघटना करणं हा स्वतःहून कट होत नाही असा निकाल दिला. बॅगलींची संघटना त्यानंतर दोनच वर्षांनी निघाली.

दुसरं, लहान मुलांचे कायदे आधी आले. मॅसॅच्युसेट्स १८३६: १५ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायचं तर वर्षात तीन महिने शाळा हवी. १८४२: १२ वर्षांखालच्यांना दहा तासांपेक्षा जास्त काम नाही. दोन्ही कागदावर बरे. तपासनीस नेमलेला नसल्यामुळे वय किती हे पालक आणि मुकादम ठरवणार.

---

सिडको_वाचकगट

खूपच मोठी मदत झाली, सगळ्यांचे आभार. पावणेतेरा आणि चौदाची वजाबाकी मोठ्या अक्षरांत फलकावर घेते.

आता चित्रांबद्दल. नेटवर गिरणीतल्या मुलींचे फोटो भरपूर आहेत, यंत्रापुढे उभी असलेली अनवाणी लहान मुलगी वगैरे. ते चालतील का? आणि मजुरी आजच्या रुपयांत सांगावी का? लोक हटकून विचारतात.

---

छापखाना_नाशिकरोड

तो फोटो नको. अनवाणी मुलांचे ते फोटो बहुतेक लुईस हाइन यांचे, १९०८ नंतर बालमजुरीविरोधी समितीसाठी काढलेले, त्यातले बरेच दक्षिणेकडच्या गिरण्यांतले. तुमच्या काळानंतर साठ-सत्तर वर्षांचे. ‘भाकरी आणि गुलाब’ या घोषणेने ओळखला जाणारा, लॉरेन्स या दुसऱ्या गिरणीगावचा संप १९१२ चा, त्याचेही फोटो नकोत. हातात धोटा घेऊन बसलेल्या तरुणींचे पत्र्यावरचे फोटोही सांभाळून घ्या. ती पद्धत १८५६ ची, म्हणजे १८४५ च्या फलकाखाली लावले तर चूकच. विन्स्लो होमर यांचं गिरणी सुटतानाच्या गर्दीचं चित्र १८६८ चं आणि लॉरेन्सचं आहे. वापरा, पण खाली साल आणि गाव लिहा.

त्या काळचं म्हणून दाखवायला गिरण्यांचे छापील नियम, घंटांची वेळापत्रकं आणि मुलींच्या मासिकाची मुखपृष्ठं उत्तम. ते मासिक ऑक्टोबर १८४० ला सुरू झालं आणि १८४५ ला बंद पडलं. (१८४० म्हणजे आपलं सार्वजनिक वाचनालय स्थापन झालं तेच साल, नाशिकच्या श्रोत्यांना काळाचा अंदाज द्यायला सोयीचं.) मात्र मासिक आणि बॅगलींच्या गटाचं साप्ताहिक एक समजू नका. मासिकात कविता, गोष्टी, गावाकडच्या आठवणी. गिरणीच्या तक्रारी छापत नाहीत म्हणून बॅगलींनी त्यावर जाहीर टीका केली होती.

घंटांचा फलक असा करा. १ सेंटिमीटर म्हणजे १५ मिनिटं. २४ तासांची पट्टी ९६ सेंटिमीटरची होते, तीन फुटी फ्लेक्सपेक्षा किंचित जास्त, म्हणून एक मीटर रुंदी सांगा. एकाखाली एक चार पट्ट्या.

लोवेल, उन्हाळा १८४५: पाच ते सात, ५६ सेंटिमीटर. त्यात २ न्याहारीचे, ३ जेवणाचे पांढरे सोडा, ५१ काळे.

फिलाडेल्फिया, १८३५: सहा ते सहा, ४८ सेंटिमीटर. ८ पांढरे, ४० काळे.

मुंबई, १८८४: नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेऊन ५,५०० सह्यांचा अर्ज केला, त्यातली मागणी. सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, दुपारी अर्धा तास सुट्टी आणि रविवारी काम बंद. इथे एक खोच आहे. सूर्यास्ताची वेळ आजच्या घड्याळावरून घेऊ नका. तेव्हा मुंबईची स्थानिक वेळ चालायची, ती आजच्या भारतीय वेळेपेक्षा साधारण ३९ मिनिटं मागे. आज डिसेंबरच्या सुरुवातीला सहाच्या सुमारास मावळणारा सूर्य त्या घड्याळात पाच-वीसला मावळे. म्हणजे मागणी हिवाळ्यात सव्वादहा-साडेदहा तासांची आणि जूनमध्ये पावणेबाराच्या आसपासची. पट्टीचं उजवं टोक तिरकं कापा, वरची कड जून, खालची डिसेंबर.

चौथी पट्टी कोरी. बाजूला दोरीने स्केचपेन बांधा आणि येणाऱ्यांना आपली पाळी, प्रवास धरून, भरू द्या. फ्लेक्सवर साधं पेन उमटत नाही, परमनंट मार्कर लागतो. किंवा ती पट्टी कार्डशीटवर वेगळी चिकटवा.

रुपयांत मजुरी सांगू नका. दोनशे वर्षांपूर्वीचा डॉलर आणि आजचा रुपया यांचा भागाकार करून जे येतं त्याला अर्थ नसतो, आणि श्रोत्यांत कोणीतरी वेगळा आकडा काढतोच. गुणोत्तर सांगा. १८३० च्या दशकात बोर्डिंगचं जेवण-राहणं आठवड्याला सव्वा डॉलर, आणि पगारातूनच जायचं. १८४५ ला हेमिंगवेबाईंची मिळकत, बोर्डिंग वजा जाता, महिन्याला १६ ते २३ डॉलर. १६ आणि २३ मधलं अंतर बघा, पीस रेट म्हणजे काय ते तिथेच दिसतं.

---

जुना_गॅझेटियर

चौथा प्रश्न राहिला होता.

दारूबंदी सोडा. कम्यूनवाले, जमीन-सुधारणावाले, शाळावाले, सगळे सोडा. एकेकाला पाच मिनिटं दिली तरी भाषण संपलं. गुलामगिरी मात्र सोडता येणार नाही, कारण ती गिरणीच्या आतच आहे. लोवेलचा कापूस दक्षिणेतल्या गुलामांनी पिकवलेला, आणि लोवेलच्याच काही गिरण्या गुलामांच्या अंगावर घालायचं जाडंभरडं कापड विणून परत दक्षिणेला विकत. १८३६ च्या संपातल्या मुली गाण्यातून म्हणत होत्या की आम्ही गुलाम होणार नाही. ज्यांचा कापूस त्या कातत होत्या त्यांना हा पर्यायच नव्हता, हे त्या वाक्याला लागूनच सांगा. नाहीतर ऐकणाऱ्याला दोन्ही सारखंच वाटेल. लोवेलची मुलगी सगळं गमावून का होईना, गावी जाऊ शकत होती.

अर्जाचं तंत्रही गुलामगिरीविरोधी बायकांकडून आलं. घरोघर हिंडून सह्या गोळा करायच्या, कागद एकाला एक डकवून लांबच लांब गुंडाळी करायची आणि प्रतिनिधीच्या हवाली करायची. एवढे अर्ज आले की १८३६ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या (तिथल्या संसदेच्या) प्रतिनिधी सभागृहाने गुलामगिरीवरचे अर्ज चर्चेला न घेताच बाजूला ठेवायचा नियम केला, तो १८४४ पर्यंत टिकला. मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळ समितीपुढे बाईने बोलणंही १८४५ ला पहिल्यांदा घडलं नाही. फेब्रुवारी १८३८ मध्ये अँजेलिना ग्रिमके गुलामगिरीविरुद्ध तिथेच बोलल्या होत्या. हेमिंगवे आणि बॅगली त्या वाटेने गेल्या.

स्त्रियांच्या हक्कांसाठी एक ओळ पुरे: सेनेका फॉल्सची स्त्री-हक्क परिषद, जुलै १८४८, तिच्या जाहीरनाम्यावर ६८ स्त्रिया आणि ३२ पुरुषांच्या सह्या.

आणि आपल्याकडचा दुवा ओढूनताणून आणायची गरज नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ ची ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. अकरा वर्षांनी मुंबईत गिरणी कामगारांचा अर्ज करणारे लोखंडे सत्यशोधक समाजाचेच. अर्पणपत्रिका लोखंड्यांच्या पट्टीशेजारी लावा.

भाषणाची वाटणी माझ्या अंदाजाने अशी: गिरणी आणि तास दहा मिनिटं, मागांचा हिशेब आठ, १८४५ ची सुनावणी दहा, पळवाटा सात, कापूस पाच. पळवाटांची सात मिनिटं कापू नका, प्रश्न तिथलेच येतील. १८४७ चा ‘वेगळा करार’ सांगितला की कोणी ना कोणी कंत्राटी कामगारांचा विषय काढणार, त्याचं उत्तर तयार ठेवा. आणखी एक विचारतील: मुलींचं पुढे काय झालं? बॅगली १८४६ मध्ये लोवेलच्या तारघरात तारयंत्र चालवू लागल्या, त्या कामातल्या अगदी सुरुवातीच्या स्त्रियांपैकी एक. बाकीच्या बऱ्याच गावी परतल्या किंवा लग्नं झाली. आयर्लंडमधल्या बटाट्याच्या दुष्काळानंतर आलेल्या आयरिश कुटुंबांनी त्यांच्या जागा घेतल्या. त्यांना परतायला गाव उरलेलं नव्हतं, म्हणून मजुरी खाली खेचणं कंपन्यांना सोपं गेलं.